४०१-के आयआरएमध्ये हलवला आणि रिटर्नमध्ये टॅक्स दिसतोय: कुठे चुकतं, कसं दुरुस्त करायचं

"ताई, काल रात्रीपर्यंत अठराशे डॉलर रिफंड दिसत होता. आज तो १०९९-आर भरला आणि आता तेरा हजार भरायला सांगतंय. मी तर एक डॉलरही काढला नाही. जुन्या कंपनीतला ४०१-के फक्त आयआरएमध्ये हलवला!"

फेब्रुवारी लागला की असे फोन सुरू होतात. ४०१-के म्हणजे कंपनीमार्फतचं निवृत्तीचं खातं, आयआरए म्हणजे स्वतः उघडलेलं, आणि एकातून दुसऱ्यात पैसे नेणं म्हणजे रोलओव्हर. मी न्यू जर्सीत राहते. सीपीए (इथली सीए) नाही, पण गावातल्या वाचनालयात व्हिटा या मोफत टॅक्स-मदत उपक्रमात स्वयंसेवक म्हणून बसते. आमच्याकडे मराठी माणसं बरीच, त्यातली निम्मी दर तीन-चार वर्षांनी नोकरी बदलणारी. त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी विचारणारा तितकाच घाबरलेला असतो. जो टॅक्स लागूच नव्हता तो घाबरून भरून मोकळी झालेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

मुळाशी गोष्ट एकच आहे. रोलओव्हरवर टॅक्स नाही, पण रोलओव्हर रिटर्नमध्ये सांगावा मात्र लागतो. १०९९-आर हा फॉर्म म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. जुन्या संस्थेनं सरकारला कळवलं की इतके पैसे आमच्याकडून बाहेर पडले. ते पुढे कुठे गेले हे सांगायचं काम बहुतेक वेळा तुमच्या रिटर्नवर पडतं. नव्या शाळेत नाव घातल्याचा कागदही असतो, त्याचं नाव फॉर्म ५४९८. पण तो नवी आयआरए संस्था मे महिन्याच्या शेवटी पाठवते, म्हणजे १५ एप्रिलची मुदत उलटून गेल्यावर. मधल्या काळात आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, हातात फक्त दाखला असतो.

आधी कागद नीट वाचा

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी १०९९-आर समोर ठेवा. पाच जागा बघायच्या. बॉक्स १ मध्ये एकूण बाहेर पडलेली रक्कम. बॉक्स २ए मध्ये त्यातली करपात्र रक्कम. बॉक्स २बी मध्ये दोन चौकटी असतात, त्यातली पहिली म्हणते की करपात्र रक्कम आम्ही ठरवलेली नाही. बॉक्स ४ मध्ये आधीच कापलेला फेडरल टॅक्स. आणि बॉक्स ७ मध्ये कोड, त्याच्या शेजारी आयआरएची एक छोटी चौकट.

सगळी गोम बॉक्स ७ मध्ये आहे. तिथे 'जी' असेल तर पैसे एका संस्थेकडून थेट दुसरीकडे गेले, तुमच्या खिशातून फिरले नाहीत. 'एच' असेल तर रॉथ ४०१-के मधून थेट रॉथ आयआरएमध्ये गेले (रॉथ म्हणजे टॅक्स आधीच भरून पैसे टाकायचं खातं; साध्या खात्यात टॅक्स पैसे काढताना लागतो). '१' म्हणजे साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेले पैसे आणि त्याला कुठली सूट आहे हे संस्थेला माहीत नाही. '७' म्हणजे त्या वयानंतरचं नेहमीचं काढणं.

ज्यांच्या जुन्या ४०१-के मध्ये साधे आणि रॉथ असे दोन्ही भाग होते त्यांना एकाच वर्षी दोन १०९९-आर येतात. एक भरून दुसरा विसरणं फार सहज होतं. जुन्या संस्थेच्या वेबसाइटवर टॅक्स फॉर्मच्या यादीत एकदा स्वतः जाऊन मोजा.

कोड 'जी' आहे, तरी टॅक्स दिसतोय

वरच्या फोनमधली केस हीच होती. बॉक्स १ मध्ये ६२,४०० डॉलर, बॉक्स ७ मध्ये 'जी'. फोन करणाऱ्या मुलीच्या २४ टक्क्यांच्या टॅक्स-टप्प्यात या रकमेवर १४,९७६ डॉलर टॅक्स होतो, त्यातून अठराशेचा रिफंड वजा केला की तेरा हजार. म्हणजे सॉफ्टवेअरनं अख्खी रक्कम उत्पन्नात धरली होती.

बहुतेक वेळा इथे काहीच बिघडलेलं नसतं, फक्त काम अर्धवट राहिलेलं असतं. फॉर्मचे आकडे भरताक्षणी सॉफ्टवेअर पूर्ण रक्कम उत्पन्नात टाकतं आणि वरच्या कोपऱ्यातला रिफंडाचा आकडा कोसळतो. तो पाहून माणूस तिथेच थांबतो, मागे जातो, फॉर्म पुसतो, परत भरतो. पुढे दोन-तीन पानांवर प्रश्न येतात: या पैशांचं काय केलं, दुसऱ्या निवृत्ती खात्यात टाकले का, सगळे टाकले की काही. त्यांची उत्तरं दिल्याशिवाय आकडा जागेवर येत नाही. म्हणून घाबरू नका, १०९९-आरचा विभाग शेवटपर्यंत पूर्ण करा आणि मग वर बघा.

तरीही आकडा हलला नाही तर तीन ठिकाणी शोधते मी. पहिलं, बॉक्स २ए. फॉर्म संस्थेकडून आपोआप ओढून घेतला असेल तर कधीकधी तिथे शून्याऐवजी रिकामी जागा येते किंवा बॉक्स १ चीच रक्कम येते. कागदावर ० असेल तर स्वतः ० टंका. दुसरं, आयआरएची चौकट. पैसे ४०१-के मधून निघालेले असताना तिथे खूण पडली असेल तर रक्कम चुकीच्या ओळीत जाते. "पैसे आयआरएमध्ये गेले ना?" म्हणून लोक खूण करतात, पण ती चौकट पैसे कुठून निघाले याबद्दल आहे. तिसरं, रॉथचा प्रश्न. "हे पैसे रॉथ आयआरएमध्ये गेले का?" असं विचारल्यावर घरात रॉथ खातं आहे म्हणून 'हो' म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. साध्या ४०१-के चे पैसे ट्रॅडिशनल, म्हणजे साध्या, आयआरएमध्ये गेले असतील तर उत्तर 'नाही'. इथे 'हो' म्हटलं की सॉफ्टवेअर बरोबरच टॅक्स लावतं, कारण तुम्ही त्याला तसंच सांगितलं.

सगळं झाल्यावर पडद्यावरच्या गोड संदेशावर विसंबू नका. फॉर्म १०४० ची, म्हणजे मुख्य रिटर्नची, पीडीएफ उघडा. ४०१-के मधून निघालेले पैसे ओळ ५ए आणि ५बी वर दिसतात, आयआरएमधून निघालेले ४ए आणि ४बी वर. या केसमध्ये ५ए वर ६२,४०० आणि ५बी वर ० हवं. २०२४ च्या फॉर्मपर्यंत ५बी शेजारी 'रोलओव्हर' हा शब्द छापून यायचा. तुमच्या वर्षाच्या फॉर्मवर त्या ओळींपाशी जी खूण मागितली असेल ती झाली आहे का बघा. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असाल तर दोघांच्या रकमा एकाच ओळीत मिळून येतात. बायकोचा रोलओव्हर आणि नवऱ्याची खरी पेन्शन एकत्र असेल तर ५बी शून्य नसणारच, तिथे फक्त पेन्शन दिसायला हवी.

ही दोन ओळींची जोडी कळली की निम्मा प्रश्न सुटला. ए ओळ सांगते की पैसे हलले, बी ओळ सांगते की त्यातलं करपात्र किती. काही जण "टॅक्स नाहीच तर लिहायचं कशाला" म्हणून दोन्ही कोऱ्या सोडतात. त्याचं काय होतं ते पुढे सांगते, ते आमच्याच घरात घडलं आहे.

चेक माझ्या घरी आला, आता?

आधी चेकवर कुणाचं नाव आहे ते बघा. नव्या संस्थेचं नाव, मग 'एफबीओ' ही अक्षरं आणि मग तुमचं नाव असं असेल तर तो चेक तुमच्या लाभासाठी पण त्या संस्थेच्या नावावर आहे. तो पोस्टानं तुमच्या घरी आला तरी हा थेट रोलओव्हरच. तुम्ही फक्त टपालवाल्याचं काम करताय. फॉर्मवर 'जी' च येईल. तो लवकर पुढे पाठवा, टेबलाच्या खणात ठेवू नका.

चेक थेट तुमच्या नावावर असेल तर गोष्ट बदलते. कंपनीच्या ४०१-के मधून पैसे तुमच्या हातात देताना २० टक्के फेडरल टॅक्स कापणं जुन्या योजनेवर बंधनकारक आहे. इथे माणसं खरोखर पैसे गमावतात, म्हणून आकड्यांत सांगते.

खात्यात ५०,००० होते. १०,००० कापले गेले, हातात ४०,००० चा चेक आला. फॉर्मवर बॉक्स १ मध्ये ५०,०००, बॉक्स २ए मध्ये बहुधा ५०,०००, बॉक्स ४ मध्ये १०,०००, कोड '१'. तुमच्याकडे ६० दिवस आहेत. पूर्ण रोलओव्हर करायचा असेल तर नव्या खात्यात ४०,००० नव्हे, ५०,००० जायला हवेत. कापलेले दहा हजार तुम्ही बचतीतून घालायचे. मग ५ए वर ५०,०००, ५बी वर ०, आणि ते १०,००० ओळ २५बी वर आधीच भरलेला टॅक्स म्हणून येतात आणि रिटर्नमध्ये परत मिळतात.

फक्त ४०,००० टाकले तर उरलेले १०,००० हे काढलेले पैसे ठरतात. ५बी वर १०,०००. तुमचा टप्पा २२ टक्क्यांचा असेल तर २,२०० टॅक्स, वर साडेएकोणसाठच्या आत असाल तर १० टक्के जादा टॅक्स म्हणजे १,०००. कापलेल्या दहा हजारांतून हे वळते होतील आणि बाकीचे मिळतील, पण निवृत्तीच्या खात्यातून दहा हजार कायमचे गेले. आमच्याकडे आलेल्या एका काकांना हे ५८ व्या दिवशी कळलं. त्यांनी भावाकडून उसने घेऊन रक्कम पूर्ण केली आणि रिफंड आल्यावर फेडली. मला तो निर्णय अगदी योग्य वाटला.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना कोड '१' आणि बॉक्स २ए कागदावर जसे आहेत तसेच टंका. तिथे ० करून चलाखी करू नका. शून्य व्हायला हवं ते ५बी वर, आणि ते पुढच्या प्रश्नांत "साठ दिवसांत दुसऱ्या खात्यात टाकले" असं सांगितल्यावर आपोआप होतं.

साठ दिवस कसे मोजायचे

पैसे हातात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. १० डिसेंबरला चेक मिळाला तर साठावा दिवस ८ फेब्रुवारी. महिने मोजू नका, दिवस मोजा, आणि मधल्या सुट्ट्या धरून मोजा.

डिसेंबर-फेब्रुवारीची ही जोडी आणखी एक घोळ करते. पैसे निघाले एका वर्षी, पोचले दुसऱ्या वर्षी. रोलओव्हर कुठल्या वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवायचा? ज्या वर्षाचा १०९९-आर आहे त्याच वर्षाच्या. डिसेंबरात निघाले तर ते आणि ५बी वरचं शून्य दोन्ही त्याच वर्षी. ५४९८ मात्र पुढच्या वर्षाचा येतो, कारण नव्या खात्यात पैसे फेब्रुवारीत पोचले. कागदांवरची साल जुळत नाही म्हणून गोंधळू नका, पण जमा झाल्याच्या तारखेचं स्टेटमेंट सांभाळून ठेवा. कुणी विचारलंच तर तेच एक पान तुमची बाजू सांगेल.

साठ दिवस उलटलेच तर लगेच हात टेकू नका. आयआरएसनं २०१६ मध्ये स्वतःच लेखी ग्वाही देण्याची सोय केली आणि २०२० मध्ये तिची यादी वाढवली. वित्तसंस्थेची चूक, चेक हरवला आणि वटलाच नाही, घरात मृत्यू, तुमचं किंवा घरातल्या कुणाचं गंभीर आजारपण, घराचं मोठं नुकसान, टपालाची चूक अशी ठरावीक कारणं त्यात आहेत. तुमचं कारण त्यात बसत असेल तर नमुन्याप्रमाणे पत्र लिहून पैशांसोबत नव्या संस्थेला द्यायचं, आयआरएसला नाही. अडचण दूर झाल्यावर ३० दिवसांच्या आत पैसे टाकले की उशीर केला असं धरत नाहीत. विसरलो, प्रवासात होतो, भारतात लग्नाला गेलो होतो ही कारणं यादीत नाहीत.

आयआरएतून आयआरएमध्ये: आमच्या घरी आलेलं पत्र

एका आयआरए संस्थेकडून दुसरीकडे पैसे संस्थांनी आपसात थेट पाठवले तर १०९९-आर येतच नाही आणि रिटर्नमध्ये काही लिहावं लागत नाही. हा सगळ्यात स्वच्छ रस्ता. नव्या संस्थेला फोन करून "तुम्हीच ओढून घ्या" म्हणायचं, बस्स.

माझ्या नवऱ्यानं तसं केलं नाही. जुन्या संस्थेचं फोनवर काम होईना, तेव्हा त्यानं ९,६०० डॉलरचा चेक स्वतःच्या नावावर मागवला आणि एकोणिसाव्या दिवशी नव्या खात्यात भरला. आयआरएमधून काढताना १० टक्के टॅक्स कापायचा की नाही हे आपण सांगू शकतो, त्यानं नको म्हणून सांगितलं होतं. जानेवारीत १०९९-आर आला: बॉक्स १ मध्ये ९,६००, २ए मध्येही ९,६००, २बी मध्ये 'करपात्र रक्कम ठरवलेली नाही' वर खूण, कोड '१'. आयआरएच्या बाबतीत संस्था असंच लिहितात, कारण पैसे पुढे कुठे गेले हे त्यांना ठाऊक नसतं. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. टॅक्स लागत नाही एवढं ऐकून आम्ही तो फॉर्म रिटर्नमध्ये घातलाच नाही.

पुढच्या वर्षी पत्र आलं. वर 'सीपी २०००' असं लिहिलेलं. ९,६०० वर २,३०४ टॅक्स, ९६० जादा, वर व्याज. मी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि त्या रात्री आम्ही दोघं नीट जेवलो नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू होता, डोक्यात नको ते विचार आले.

ज्यांच्या हातात आत्ता असं पत्र असेल त्यांना सगळ्यात आधी हे सांगते: सीपी २००० हे बिल नाही आणि तुमच्यावर चोरीचा आरोपही नाही. ते म्हणतं की आमच्याकडे आलेले कागद आणि तुमचं रिटर्न जुळत नाही, तुमचं म्हणणं सांगा. उत्तराला साधारण ३० दिवस असतात, तारीख पहिल्या पानावर छापलेली असते. वेळ कमी पडत असेल तर त्या नंबरवर फोन करून मुदत वाढवून मागता येते. गप्प बसणं मात्र करू नका.

आम्ही उत्तराच्या फॉर्मवर 'मान्य नाही' वर खूण केली. सोबत एक पानाचं पत्र: पैसे कधी मिळाले, कधी भरले, कुठल्या खात्यात, आणि ४ए वर ९,६०० व ४बी वर ० यायला हवं होतं. १०९९-आरची प्रत, नव्या खात्याचं जमा दाखवणारं स्टेटमेंट आणि ५४९८ ची प्रत, ज्याच्या बॉक्स २ मध्ये रोलओव्हर म्हणून ९,६०० होते. रजिस्टर टपालानं पाठवलं. काही आठवड्यांनी 'सीपी २००५' आलं: माहिती स्वीकारली, चौकशी बंद. एक डॉलर भरावा लागला नाही.

दोन पाने लिहिण्यापेक्षा एक स्टेटमेंट जास्त बोलतं हे तेव्हा कळलं. ५४९८ सापडत नसेल तर आयआरएसच्या साइटवर स्वतःचं खातं उघडून उत्पन्नाचा उतारा काढा. तुमच्या नावावर आलेले १०९९-आर आणि ५४९८ दोन्ही त्यात दिसतात. आता मी रिटर्न भरण्याआधीच तो उतारा बघायला सांगते.

स्वतःच्या नावानं चेक घेऊन केलेल्या आयआरए-ते-आयआरए रोलओव्हरला आणखी एक बेडी आहे. बारा महिन्यांत असा एकच करता येतो, आणि २०१५ पासून तुमच्या सगळ्या आयआरए मिळून एक. दुसरा केला तर तो काढलेले पैसे धरतात आणि साठ दिवसांची सबब चालत नाही. संस्थांनी थेट हलवलेल्या पैशांना किंवा ४०१-के मधून आयआरएमध्ये येणाऱ्या पैशांना हा नियम लागत नाही.

रॉथकडे गेलेले पैसे

साध्या ४०१-के मधून थेट रॉथ आयआरएमध्ये पैसे नेले तर कोड 'जी' च असतो, पण २ए मध्ये पूर्ण रक्कम असते आणि ती ५बी वर येते. इथे टॅक्स खरा आहे. १० टक्क्यांचा जादा टॅक्स मात्र नाही. २०१८ पासून हे रूपांतर मागे घेता येत नाही, म्हणून "चुकून रॉथ निवडलं" हे पैसे पाठवण्याआधी लक्षात यायला हवं. ट्रॅडिशनल आयआरएमधून रॉथमध्ये नेले असतील तर सोबत फॉर्म ८६०६ लागतो.

दर वर्षी मागच्या दारानं, म्हणजे आधी ट्रॅडिशनल आयआरएमध्ये टाकून मग रॉथमध्ये, पैसे नेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. समजा जुन्या ४०१-के चे ९३,००० तुम्ही ट्रॅडिशनल आयआरएमध्ये आणले. नंतर टॅक्स भरलेले ७,००० त्याच प्रकारच्या खात्यात टाकून रॉथमध्ये नेले. तुम्हाला वाटतं की या सात हजारांवर टॅक्स नाही. पण ८६०६ मध्ये ३१ डिसेंबरची तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल आयआरएची शिल्लक धरतात. लाखात सात हजार म्हणजे ७ टक्के, त्यामुळे ७,००० मधले फक्त ४९० करमुक्त आणि ६,५१० करपात्र. सोडवायचं असेल तर नव्या कंपनीचा ४०१-के बाहेरचे पैसे घेत असेल तर ते ९३,००० वर्ष संपण्याआधी तिकडे हलवा. नोकरी बदलणाऱ्या मुलांना मी हल्ली आधी हाच प्रश्न विचारते: रॉथ करता का? करत असाल तर आयआरए उघडू नका, नव्या ४०१-के मध्येच न्या.

छोट्या अडचणी

४०१-के वर कर्ज घेतलं होतं आणि नोकरी सोडल्यावर उरलेलं कर्ज खात्यातून वळतं केलं, तर कोडमध्ये 'एम' दिसेल. तेवढी रक्कम खिशातून आयआरएमध्ये टाकायला साठ दिवस नाहीत, त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत वेळ आहे, वाढवलेली मुदत धरून. एच-वन-बी वरच्या बऱ्याच जणांना नोकरी जाण्याच्या गडबडीत हे कुणी सांगत नाही.

राज्याचं रिटर्न वेगळं उघडून बघा. फेडरलला शून्य झालं तरी राज्याच्या पेन्शनच्या ओळीत आकडा राहून गेलेला मी पाहिला आहे. कॅलिफोर्नियावाल्यांनी लक्षात ठेवावं की वेळेआधी काढलेल्या पैशांवर तिथे राज्याचा २.५ टक्के जादा टॅक्स वेगळा लागतो.

पुण्या-नागपूरला कायमचे परतलेल्यांचे फोनही येतात: "४०१-के काढून इथे एनपीएसमध्ये टाकला तर रोलओव्हर होईल ना?" नाही. भारतातलं पीपीएफ, ईपीएफ, एनपीएस यांतलं काहीही अमेरिकन कायद्याच्या दृष्टीनं रोलओव्हरसाठी पात्र खातं नाही. ते सरळ काढणं धरलं जाईल. तुम्ही अमेरिकेत अनिवासी झाला असाल तर पैसे काढताना १०९९-आरऐवजी १०४२-एस येतो आणि ३० टक्क्यांपर्यंत टॅक्स कापला जाऊ शकतो. भारतातल्या बाजूनं, १९६१ च्या आयकर कायद्यात ८९-अ हे कलम याच खात्यांसाठी आलं: अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या निवृत्ती खात्यांतल्या वाढीवर दरवर्षी नव्हे तर काढताना टॅक्स लागावा म्हणून त्यासाठीचा फॉर्म (त्या कायद्याखाली १०-ईई) भरून तसं निवडायची सोय झाली. यासाठी दोन्हीकडचं जाणणारा माणूस गाठा, पैसे हलवण्याआधी.

कोडच चुकीचा आलाय, किंवा रिटर्न भरून झालंय

पैसे थेट गेले असूनही फॉर्मवर '१' छापला असेल तर जुन्या संस्थेला फोन करून दुरुस्त १०९९-आर मागा. फेब्रुवारी संपेपर्यंत आला नाही तर आयआरएसला फोन करा, ते संस्थेशी संपर्क साधतात. तरीही न आला तर फॉर्म ४८५२ हा पर्यायी कागद म्हणून भरता येतो. स्वतःच्या मनानं कोड बदलून रिटर्न पाठवू नका. आयआरएसकडे संस्थेची प्रत आहे आणि ती तुमच्याशी जुळणार नाही.

ज्यांनी रोलओव्हरवर टॅक्स भरून टाकला त्यांच्यासाठी १०४०-एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न आहे. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांत किंवा टॅक्स भरल्यापासून दोन वर्षांत, जे नंतर येईल तोपर्यंत रिफंड मागता येतो. ५बी वरची रक्कम शून्य करा, कारणाच्या जागेत दोन ओळींत रोलओव्हरची तारीख आणि रक्कम लिहा. सोबत १०९९-आर, नव्या खात्याचं स्टेटमेंट आणि असेल तर ५४९८ जोडा. राज्याचं रिटर्नही त्याच बैठकीत दुरुस्त करा, नाहीतर तिकडचे पैसे अडकून राहतात. फोन करणाऱ्या त्या मुलीच्या आधीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये हीच चूक निघाली होती. छोट्या खात्याचे ४,१०० डॉलर तिनं तेव्हा उत्पन्नात दाखवले होते. आम्ही दोन्ही वर्षांची रिटर्नं शेजारी ठेवून, वाचनालय बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी तिची १०४०-एक्स छापून घेतली.